समजूत कोणीं कोणाची काढली?
(कवि 'बी' यांची 'माझी कन्या' ही कविता)

गेल्या मार्गशीर्षांतली गोष्ट. दिवेलागणीची वेळ होती. देवापाशीं दिवा लावून मी ओटीवर बसलों होतों. आठ वर्षांची नात बाहेरून आली, ती नेहमींप्रमाणें मला हांक न मारतां सरळ माजघरांत गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पुष्कळ विचारल्यावर एवढेंच कळलें, कीं वर्गांतल्या एका मुलीच्या वाढदिवसाला बाकावरच्या साऱ्या मैत्रिणींना बोलावणें गेलें होतें. हिला तेवढें नव्हतें. कारण कोणी सांगितलें नव्हतें, आणि हिनेंहि विचारलें नव्हतें.

मी जन्मभर शिक्षकी केलेला मनुष्य. समजूत घालणें हा माझा धंदाच. मीं तिला जवळ बसवून सांगितलें, कीं जेथें आपणांस बोलावीत नाहींत तेथें जाण्याची इच्छाच धरूं नये. दुर्योधनाच्या घरचीं पक्वान्नें सोडून भगवान् विदुराघरच्या कण्यांना गेले. मान हा मागून मिळत नसतो. वीस मिनिटें मी बोलत होतों. तिनें सारें नीट ऐकून घेतलें आणि मग आधींपेक्षां जास्तच रडूं लागली. तेवढ्यांत तिची आजी आंतून आली. "पुरे झालें आतां तुमचें पुराण," असें मला म्हणून तिनें पोरीला हाताला धरून स्वयंपाकघरांत नेलें व मेथी निवडावयास बसविलें.

त्या रात्रीं मला झोंप येईना. उठून कपाटांतून 'फुलांची ओंजळ' हें जुनें पुस्तक काढलें आणि त्यांतली 'माझी कन्या' ही कविता पुन्हा वाचली. शेंकडों वेळां शिकविलेली कविता. पण त्या रात्रीं ती मला प्रथमच समजली असें वाटलें. काय समजलें तें वाचकांपुढें मांडावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

'बी' म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते. जन्म 1872, मृत्यु 1947. वऱ्हाडांतल्या मलकापूरचा हा कवि प्रसिद्धीच्या मार्गांत फारसा कधीं दिसला नाहीं; खरें नांव झांकून मधमाशीच्या इंग्रजी नांवाआड राहिला. कविताहि त्यानें थोड्याच केल्या. 'फुलांची ओंजळ' निघाली ती 1934 सालीं, म्हणजे कवीच्या वयाला बासष्ट वर्षें होत आलीं तेव्हां. केशवसुतांनीं मराठी कवितेला जी नवी वाट दाखविली, तिच्यावरून चालणाऱ्या मोठ्या कवींत ह्यांची गणना होते. 'चाफा' ही त्यांची कविता गाण्यामुळें घरोघर पोंचली. 'माझी कन्या' शाळेच्या पुस्तकांतून पोंचली. कविता शाळेच्या पुस्तकांतून पोंचली म्हणजे तिचें एक नुकसान होतें : तिचा अर्थ आपणांस ठाऊकच आहे, असें जन्मभर वाटत राहतें.

कवितेंतला प्रसंग साधा आहे. लहान मुलगी शाळेंतून रडत घरीं आली आहे. श्रीमंतांच्या मुली नटूनथटून शाळेंत येतात. हिच्या अंगावर कांहीं नाहीं. त्यावरून कोणीतरी हिला भिकारी म्हणून हिणविलें. बाप तिची समजूत घालतो. विसांहून कांहीं अधिक कडवीं आहेत, आणि अगदीं शेवट सोडला तर सारीं बापाच्या तोंडचीं आहेत.

प्रथम तिच्या घडणीकडे पाहूं. वृत्त दिंडी. प्रत्येक चरणांत एकोणीस मात्रा, नवव्या मात्रेनंतर किंचित् थांबा, पुढें दहा मात्रा, आणि शेवटीं दोन गुरु अक्षरें. चार चरणांचें कडवें. पहिल्या दोन चरणांचें यमक एक, पुढच्या दोहोंचें दुसरें. कवीची ओळ येथें न देतां वर्गांत मुलांना मात्रा मोजण्यासाठीं जसा कामचलाऊ नमुना आम्ही करून देत असूं, तसा देतों :

पहा आली घरिं, नात रडत माझी
तिला पाहुनि मग, चिंतित हो आजी

ह्या ओळींत काव्य नाहीं हें मला कबूल आहे. पण चाल दिसते. पहिला भाग जरा आखूड, दुसरा किंचित् लांब. एक पाऊल टाकावें, थांबावें, आणि दुसरें थोडें पुढें टाकावें, अशी ही गति आहे. रघुनाथ पंडितांच्या दमयंतीच्या आख्यानांत ती आहे, कीर्तनकारांच्या तोंडीं आहे, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नाटकांतहि आहे. शार्दूलविक्रीडितासारखें वृत्त सभेंत उभें राहून बोलतें. दिंडी मांडी घालून बसते आणि गोष्ट सांगते. बापाला मुलीशीं बोलावयाचें आहे, आणि बोलतांना तिच्या पाठीवरून हात फिरवावयाचा आहे. त्या हाताची लय दिंडीत आहे. शेवटचीं दोन गुरु अक्षरें प्रत्येक ओळीला हळूच टेंकवितात. कोठेंहि झटका बसत नाहीं. अक्षरगणांचें बंधन नसल्यामुळें बोलण्यांतले शब्द, 'गडे', 'बाई' अशीं संबोधनें, सहज मावतात. आणि तीच ओळ संस्कृत समासांनाहि जागा देते. घरगुती आणि पंडिती अशा दोन भाषा ज्याच्या तोंडीं एकाच वेळीं आहेत अशा बापाला हें वृत्त नेमकें साजतें.

आतां भावाकडे वळूं. आरंभीं नुसते प्रश्न आहेत. डोळ्यांत पाणी आलें हें सांगतांना कवि गुरें पाणवठ्यावर उतरल्याचें रूपक करतो. हें रूपक ऐकून मुलें वर्गांत हंसत. पण संस्कृतांत 'गो' ह्या शब्दाचा अर्थ केवळ गाय असा नाहीं. अमरकोशानें त्याचे जे अनेक अर्थ दिले आहेत, त्यांत डोळा हा आहे आणि जल हाहि आहे. म्हणजे डोळे, गाई आणि पाणी हीं तिन्हीं एका शब्दाच्या पोटांत पूर्वींपासूनच नांदत होतीं; कवीनें त्यांना मराठी अंगणांत आणून सोडलें. लगेच दोन डोळ्यांच्या दोन धारांना गंगा आणि यमुना म्हटलें आहे. उष्ण श्वासानें काश्मिरांतला गुलाब सुकतो आहे, तो गुलाब म्हणजे मुलीचा गाल. ही अतिशयोक्ति आहे, आणि ती जाणूनबुजून केलेली आहे. रडणाऱ्या मुलाशीं आपण घरांत असेंच बोलतों : "अगबाई, आतां पूर येणार हो!" दुःख फार मोठें करून सांगितलें म्हणजे मूल मध्येंच हंसतें, हा वडिलांचा जुना अनुभव. बाप तो प्रयोग करून पाहतो. मुलगी हंसत नाहीं.

मग तो कारणाचा तर्क करूं लागतो. येथें एक गोष्ट माझ्या लक्षांत आजवर आली नव्हती. मुलीनें कांहीं सांगितलेंच नाहीं. कोणी बोललें काय, असें काय बोललें, हें सारें बाप विचारतो आहे, आणि उत्तरहि तोच देतो आहे. तो हिणविणारा शब्द कवितेंत येतो तो मैत्रिणीच्या तोंडून आपल्या कानांवर पडत नाहीं. बापाच्या तोंडून पडतो. श्रीमंत मुली येणार, आपली मुलगी त्यांच्यांत उघडी पडणार, आणि अमुक शब्द तिच्या वाट्याला येणार, हें त्याला आधींपासून ठाऊक होतें. तो शब्द त्यानें किती दिवस मनांत बाळगला असेल! मुलीचा अपमान शाळेंत आज झाला; बापाचा पुष्कळ दिवसांपूर्वीं झाला होता.

त्या शब्दाविषयीं एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. चाळीस वर्षांपूर्वीं, मी नवाच शिक्षक असतांना, अवांतर वाचनाच्या तासाला ही कविता मी मुलामुलींपुढें वाचीत होतों. वर्गांत एका मुलीचा आवाज फार गोड होता व उच्चार निर्दोष. तिचा गणवेश दोनतीन ठिकाणीं रफू केलेला असे. मीं तिला उठवून पुढचीं कडवीं मोठ्यानें वाचावयास सांगितलीं. माझ्या मनांत केवळ वृत्त होतें. दिंडी तिच्या तोंडून चांगली लागेल, एवढाच विचार. ती वाचीत गेली आणि त्या शब्दापाशीं येऊन थांबली. मागच्या बाकावरून कोणी हंसलें. मग पुष्कळजण हंसले. मीं काय करावें? मीं म्हटलें, "थांबलीस कां? तेथें यति नाहीं. पुढें वाच." तिनें पुस्तक मिटलें आणि ती खालीं बसली. त्यानंतर वर्षभर तिनें माझ्या तासाला मोठ्यानें वाचन म्हणून केलें नाहीं. मीं तिला हट्टी ठरविलें. त्या दिवशीं फळ्यावर मीं मात्रा मोजून दाखविल्या, अलंकारांचीं नांवें लिहिलीं, आणि कविता मात्र माझ्यासमोर तिसऱ्या बाकावर खालीं मान घालून बसली होती.

असो. पुन्हा कवितेकडे येतों. श्रीमंत मुली कशा दिसतात? चैत्रांतल्या गौरीसारख्या. आपल्या घरांतल्या स्त्रियांना हें चित्र समजावून सांगावयास नको. आरास केलेली, दागिन्यांनीं मढलेली, पुढें आंब्याची डाळ आणि पन्हें, अशी ती चैत्रगौर. आणि आपली मुलगी कशी दिसते? अंगावर दागिना नसलेल्या बाईला आपण जें म्हणतों तेंच : लंकेची पार्वती. शंकरानें पार्वतीसाठीं लंकेंत सोन्याचें मंदिर बांधलें आणि वास्तुशांतीची दक्षिणा म्हणून तेंच देऊन टाकलें, पार्वती पुन्हा रिकामी ती रिकामीच राहिली, अशी लोककथा आहे. आतां पाहण्यासारखें हें, कीं गौर कोण? पार्वतीच. म्हणजे नटलेली ती गौरी आणि न नटलेली तीहि गौरीच. हिणविण्यासाठीं वापरलेल्या म्हणीनेंच दोघींना एका देवीचीं दोन रूपें करून सोडलें आहे. पुढें कवितेच्या मध्यावर तीच देवी तिसऱ्यांदा येते, तेव्हां ती आदिपुरुषाची पत्नी महामाया असते. तें पुढें सांगतों.

नंतर बाप समजुतीच्या गोष्टी सांगतो. आधीं अगदीं सामान्य : शाळेंतल्या पोरी फटकळ असतात, शहाण्यानें त्यांचे शब्द मनावर घेऊं नयेत. माझ्या वीस मिनिटांच्या व्याख्यानाचा सारांश ह्याहून निराळा नव्हता. मग दृष्टान्तांची माला. कमळ चिखलांत होतें, रत्न मातींत सांपडतें, म्हणून त्यांना कोणी दरिद्री म्हणत नाहीं. येथवर दृष्टान्त नेहमींचे आहेत. पण तिसरा निराळा आहे : फुलांचा हार दोऱ्याच्या संगतीनें दरिद्री होत नाहीं. चिखल आणि धूळ ह्यांचा कमळाशीं वा रत्नाशीं संबंध केवळ चिकटण्याचा. धुऊन टाकला कीं संपला. दोरा तसा नाहीं. तो स्वतः कवडीमोलाचा खरा, पण त्याच्यावांचून हार हा हारच नव्हे. त्यानें फुलांना धरून ठेविलें आहे, आणि स्वतः मात्र तो दिसत नाहीं. आईबापांचें दारिद्र्य सांगतां सांगतां कवि आईबापांचें कामहि सांगून गेला. बापाला आपण चिखल नसून दोरा आहों, हें नकळत सुचलें असावें. तो स्वतःचें समर्थन करीत नाहीं, म्हणून तें अधिक लागतें.

आरंभींच्या गंगायमुनाहि येथें परत येतात. जेथें त्या दोघी भेटतात तेथें सरस्वती दिसत नसली तरी असतेच. तसें जेथें रूप आणि सद्गुण भेटतात तेथें भाग्य येणारच, असें बाप म्हणतो. आधीं ज्या नद्या आंसवांच्या होत्या, त्याच आतां आशेच्या झाल्या. रचनेची अशी जोडणी ह्या कवितेंत जागोजाग आहे, पण ती दाखविण्यासाठीं केलेली वाटत नाहीं. बोलणारा मनुष्य एकदां तोंडांत आलेला शब्द पुन्हा वापरतो, तशी ती येते.

मग मुलीच्या रूपाची स्तुति. तिचे डोळे, हंसतांना गालावर पडणारी खळी, अंगाची कांति. निसर्गानें जेथें हात राखून न ठेवतां दिलें, तेथें दागिन्यांचें काम काय, असा निष्कर्ष. संस्कृत वाचलेल्यांना येथें शाकुंतलाचा पहिला अंक आठवेल. वल्कल नेसलेल्या शकुंतलेला पाहून दुष्यंत हाच विचार बोलून दाखवितो, आणि शेवाळानें वेढलेल्या कमळाचा व डागाळलेल्या चंद्राचा दाखला देतो. पण तेथें बोलणारा प्रियकर आहे. त्याला शकुंतलेच्या वल्कलानें कांहीं उणें वाटत नाहीं, कारण तें वल्कल त्यानें नेसविलेलें नाहीं. येथें बोलणारा बाप आहे. मुलीच्या अंगावर कांहीं नाहीं ह्याचा जाब त्यालाच द्यावयाचा आहे. विचार एकच, एकाच्या तोंडीं तो शृंगाराला पोषक होतो, दुसऱ्याच्या तोंडीं करुणाला.

आमच्या सूनबाईंना हा भाग वाचून दाखविला तेव्हां त्यांनीं एक आक्षेप घेतला. त्या म्हणाल्या, "मामंजी, मुलीला गरीब म्हणून चिडविलें, आणि वडील सांगतात कीं तूं सुंदर आहेस. ती सुंदर नसती तर? मग त्यांच्यापाशीं सांगायला काय उरलें असतें?" आक्षेप वाजवी आहे. पुढें दागिन्यांची हौस स्त्रीजातीला जन्मतःच असते असें जें कवीनें म्हटलें आहे, तेंहि त्यांना पटलें नाहीं. मलाहि आतां तें जसेंच्या तसें पटत नाहीं. कवि आपल्या काळांत राहतो. परंतु मीं त्यांना एवढेंच म्हटलें, कीं ह्या समजुतीनें मुलीचें रडें थांबलें असें कवि तरी कोठें म्हणतो? स्तुतीचीं इतकीं कडवीं झालीं, तरी ती रडतेच आहे. बापाचीं उत्तरें अपुरीं आहेत, हें कवितेला ठाऊक आहे.

कारण लगेच तो वळणाचा क्षण येतो. बाप स्वतःलाच अडवितो. हें सारें खरें, पण... असें म्हणून तो आपलाच युक्तिवाद मोडतो. दागिन्यांची इच्छा वेडेपणाची आहे असें म्हणतां येत नाहीं. मूळ महामाया, आदिपुरुषाची जाया, तिलाच नटण्याची हौस. हें सारें जग म्हणजे तिनें घातलेलें लेणें. सौंदर्याची लालसा सृष्टीच्या मुळाशींच आहे, मग एका लहान मुलीला ती असली तर नवल काय? वैराग्याचा उपदेश करणें येथें सोपें होतें. पुष्कळांनीं तोच केला असता, मींहि केलाच. कवीनें तो केला नाहीं. त्यानें मुलीच्या इच्छेला वेदान्ताच्या आधारें मान दिला. लंकेची पार्वती म्हणून जिला हिणविलें, तिची इच्छा प्रत्यक्ष आदिमायेची इच्छा ठरली.

पण ह्याचा परिणाम काय होतो? दागिने जर क्षुल्लक असतील, तर ते न देणारा बाप निर्दोष ठरतो. ते जर क्षुल्लक नसतील, मुलीची इच्छा जर योग्य असेल, तर ती पुरी न करूं शकणाऱ्या बापाला कोठें तोंड लपवावें तें कळत नाहीं. मुलीला न्याय देण्यासाठीं त्यानें आपला शेवटचा आडोसा स्वतःच काढून टाकला. म्हणूनच पुढें तो एकदम कबूल करीत सुटतो : मखमलीचें पोलकें घेईन, मोत्यांची कुडी घेईन, सोन्याचें फूल घेईन, पण तूं रडूं नकोस. हीं वचनें पुरीं होणार नाहींत हें तो जाणतो. आणि मग ज्यांच्यावर जीव जडलेला आहे त्यांची लहानशी हौसहि पुरवितां येत नाहीं, तेव्हां बापाच्या हृदयाचें काय होतें तें अनुभवी लोकच जाणोत, असें म्हणून तो थांबतो. येवढ्या उपमा-दृष्टान्तांच्या भांडाराचा धनी, आणि येथें त्याला एकहि उपमा सुचत नाहीं.

भरताचे आठ रस आपणांस ठाऊक आहेत. शांत धरून नऊ झाले. साहित्यदर्पणकार विश्वनाथानें वत्सल हाहि रस मानला. मुलाविषयींचा स्नेह हा त्याचा स्थायी भाव. ह्या कवितेचा रस कोणता असें परीक्षेंत विचारीत, आणि वत्सल असें उत्तर लिहिलें कीं गुण मिळत. उत्तर चुकीचें नाहीं, पण अर्धें आहे. आरंभीं वत्सल आहे आणि करुण त्याच्या आड उभा आहे. कबुलीच्या कडव्यांपासून करुण पुढें येतो आणि वत्सल त्याच्या आड जातो. दत्त कवींचें बाळाला निजविणारें गाणें ह्याच जातीचें आहे. 1899 सालीं ऐन तारुण्यांत गेलेला हा कवि. त्यानेंहि दारिद्र्यांतलें मूल गाइलें. परंतु तें मूल पाळण्यांतलें आहे. त्याला घरची स्थिति कळत नाहीं, म्हणून आई निर्धास्त बोलूं शकते. 'माझी कन्या' मधली मुलगी शाळेंत जाऊं लागली आहे. तिला आपली पायरी जगानें दाखविली आहे. समजणाऱ्या मुलाची समजूत घालणें, हें न समजणाऱ्याला निजविण्याहून अवघड.

शेवटीं बाप म्हणतो, कीं आम्हां दरिद्र्यांच्या पोटीं देव अशीं गुणी मुलें कां घालतो, हें त्यालाच त्याच्या गांवीं जाऊन विचारून येतों. गांव फार लांब आहे, असेंहि सांगतो. हें ऐकतांना आपल्या मनांत चर्र होतें. येथें मला ध्रुवाची कथा आठवते. सावत्र आईनें ज्याला बापाच्या मांडीवर बसूं दिलें नाहीं, आणि बाप उत्तानपाद ज्याच्यासाठीं एक शब्दहि बोलला नाहीं, असा तो पांच वर्षांचा पोर. नाकारलेल्या मुलांची आपल्याकडची ही आद्य कथा. तेथें बाप गप्प बसला आणि मूल देवाला विचारावयास रानांत गेलें. येथें बाप अखंड बोलतो आहे, आणि देवाकडे जाण्याची गोष्टहि तोच काढतो. ध्रुवाला मांडी हवी होती. देवानें त्याला अढळपद दिलें. मांडी ती मांडीच. तिचें मोल अढळपदाला येतें कीं नाहीं, हें ध्रुवालाच विचारावें लागेल.

आणि आतां, इतका वेळ जी बोलली नाहीं ती मुलगी बोलते. बाप गांवाला जाणार एवढेंच तिनें ऐकलें. तिचें सारें जगच क्षणांत पालटलें. त्याच्या गळ्यांत हात घालून ती म्हणते, मीहि येणार. संबंध कवितेंत तिचें बोलणें तें एवढेंच. कोणत्या गांवाला, हें तिला कळलेलें नाहीं. बापाला कळलें आहे, आपणांसहि कळलें आहे. कवि येथेंच थांबतो. बापानें काय उत्तर दिलें तें सांगत नाहीं.

तिच्या हातांच्या मिठीला कवीनें रेशमाची म्हटलें आहे. हा शब्द आपण मागें एकदां ऐकला आहे : श्रीमंत मुलींच्या अंगावर रेशमाचीं पोलकीं होतीं. तें रेशीम ज्या घरांत नव्हतें, त्या घरांत तें शेवटीं आलें, आणि तें मुलीच्या अंगावर नव्हे, बापाच्या गळ्यांत पडलें. इतका वेळ आपणांस वाटत होतें कीं मुलीची समजूत काढली जात आहे. जगानें जिला नाकारलें तिला बाप जवळ करीत आहे. वस्तुतः उलट झालें. आपल्या असमर्थपणानें जो मनांतून मोडला होता, त्या बापाला तिनें जवळ केलें. पोलकें नाहीं, कुडी नाहीं, तरी हा बाप मला हवा आहे, आणि हा जाईल तेथें मला जावयाचें आहे, असें तिनें दोन शब्दांत सांगितलें. दृष्टान्त संपले, वेदान्त संपला, वचनें संपलीं. तिचें रडें थांबलें तें त्यांपैकीं कशानेंहि नव्हे. बाप आपल्याजवळून जाईल कीं काय, ह्या एका भीतीपुढें शाळेंतल्या मुलीचा शब्द अगदीं लहान झाला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं नात माझ्याजवळ येऊन बसली. मीं तिला पुराण सांगितलें नाहीं. कां कोण जाणे, तिला ती चाळीस वर्षांपूर्वींच्या वर्गांतली गोष्ट सांगितली : गोड आवाजाची मुलगी, तो शब्द, मुलांचें हंसणें, आणि "पुढें वाच" म्हणणारा तिचा आजोबा. तिनें लक्ष देऊन ऐकलें. मग विचारलें, "मग तुम्हीं तिला नंतर सॉरी म्हटलंत का?" मीं म्हटलें, नाहीं. ती थोडा वेळ गप्प बसली, आणि माझ्या खांद्यावर डोकें टेंकून म्हणाली, "मग आतां म्हणा."

ती मुलगी आतां पन्नाशी ओलांडून गेली असेल. कदाचित् एखाद्या मोठ्या घराची कर्ती बाई असेल, आणि हें मासिक तिच्या माजघरांतहि येत असेल. तिचें नांव मी येथें लिहीत नाहीं. तिला आपली ओळख पटेल. बाई, त्या दिवशीं तूं जेथें थांबलीस तेथें यति नव्हता हें खरें. पण थांबावयाचें ठिकाण तेंच होतें. चूक माझी होती.